म्हणे स्पेलिंग वेगळं तर घराणं वेगळं!

पुतण्याची बायको बॉस्टनची, तिचं मूळ घराणं आयर्लंडमधल्या क्लेअर काउंटीतलं. दोन वर्षं बिचारी वंशावळ जमवतेय. परवा 'आयरिश आडनावांचं सत्य' असा एक फॉरवर्ड तिच्याकडे आला आणि तिने 'ब्रायन' लावणारी अख्खी शाखा खोडून टाकली. का, तर आपण 'ओ'ब्रायन'! तोच फॉरवर्ड मग आमच्या घरच्या ग्रुपवर आला, तेव्हा मात्र राहवेना.

'स्पेलिंग वेगळं म्हणजे घराणं वेगळं,' हे त्यातलं सगळ्यात घातक वाक्य. अहो, नावं मुळात आयरिश भाषेतली आणि दप्तर इंग्रजीत. कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. इंग्रजी अमलात हजारो घरांच्या नावांतला 'ओ' गळाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाषेचा अभिमान जागा झाल्यावर बऱ्याच जणांनी तो परत लावला. त्यामुळे १९०१च्या जनगणनेत बिन-'ओ'चं असलेलं घर १९११ मध्ये 'ओ'सकट भेटलं, तर दचकू नये.

माझं ऐकू नका, रॉबर्ट मॅथेसन यांचं ऐका. आयर्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्यातले हे अधिकारी. एकाच आडनावाची किती रूपं चालतात याची यादी त्यांनी १८९० मध्ये छापली, १९०१ मध्ये ती वाढवून पुन्हा काढली. कशासाठी? तर नोंदणी कारकुनांना आणि जुन्या नोंदी शोधणाऱ्या लोकांना वाट सापडावी म्हणून! तिथे नुसती स्पेलिंगं नाहीत, भाषांतरंही आहेत: आयरिशमध्ये 'गाव' म्हणजे लोहार, म्हणून मॅकगॉवन, म्हणजे 'लोहाराचा मुलगा', हे घराणं कागदावर स्मिथ होतं. आता बसा स्पेलिंग जुळवत.

संगणकही इथे फसतो. उच्चारावरून नावं शोधणाऱ्या साउंडेक्स पद्धतीत ओ'ब्रायनचा संकेत ओ-१६५ आणि ब्रायनचा बी-६५०. पहिलंच अक्षर बदललं की भावकी तुटली.

फॉरवर्डमधले बाकीचे मुद्दे किरकोळ. 'ओ' म्हणजे इंग्रजी 'ऑफ' नव्हे. तो नातू किंवा वंशज. 'मॅक'मधलं (Mac) 'ए' गाळलं (Mc) की आयरिश, ठेवलं की स्कॉटिश, हीसुद्धा थाप. तो निव्वळ संक्षेप आहे. आणि एलिस आयलंडच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्राच्या, अधिकाऱ्यांनी नावं बदलली म्हणे! ते केंद्र उघडलं १८९२ मध्ये; आयर्लंडमधल्या १८४५च्या दुष्काळानंतर अमेरिकेला निघालेले लोक तोवर म्हातारे झाले होते. शिवाय तिथले अधिकारी बोटीबरोबर आलेली यादीच तपासायचे. अमेरिकेत नावं बदलली हे खरं, पण बहुतेकांनी ती आपली आपणच बदलली.

एवढं कबूल करतो की स्पेलिंग जुळलं म्हणून नातं जुळतंच असं नाही. मर्फी घराणी वेगवेगळ्या भागांत स्वतंत्रपणे उगवलेली आहेत.

म्हणून सूनबाईला सांगितलंय, खोडलेली शाखा पेन्सिलीने परत लिही, पुढे प्रश्नचिन्ह घाल. वाडीचं नाव आणि बाप्तिस्म्याला उभे राहिलेले धर्ममाता-पिता जुळतात का बघ. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने कॅथलिक चर्चच्या वह्या फुकट ऑनलाइन ठेवल्यात. जुळलं, की शाई.