‘प्लाझ्मा फिरवा, ड्रेसिंग सोडा’ म्हणे!

माझ्या मावशीच्या तळपायाला मधुमेहाची जखम आहे. परवा ती ड्रेसिंगला जायलाच तयार होईना. कारण फॅमिली ग्रुपवरचा मेसेज: ‘जर्मन शोध! कोल्ड प्लाझ्मा 30 सेकंदांत जंतूंची बायोफिल्म 99.9% नष्ट करतो. ड्रेसिंग नको, अँटिबायोटिक नको. घरच्या आयोनायझरमध्येही हेच तंत्र. केमिकल नाही, म्हणून धोका नाही.’

कोल्ड प्लाझ्मा म्हणजे रक्तातला प्लाझ्मा नव्हे, तर विजेने भारलेला, न भाजणारा वायू; आणि बायोफिल्म म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती केलेला चिकट थर. ‘ड्रेसिंग नको’ हे यातलं सगळ्यात घातक वाक्य. जर्मनीचं नाव घेताय ना, मग तिथलाच अभ्यास वाचा. 2020 साली ‘जामा नेटवर्क ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात आला: मधुमेही पायाचे 43 रुग्ण, 62 जखमा. काही जखमांवर आर्गॉनचा कोल्ड प्लाझ्मा, बाकीच्यांवर नकली उपचार. प्लाझ्मा मिळालेल्या जखमा लवकर आकसल्या. एवढं मान्य करावंच लागेल. पण जंतुसंसर्ग आणि जंतूंचं प्रमाण यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक सापडला नाही! ज्या जोरावर ड्रेसिंग बंद करायला सांगताय, तेच तिथे दिसलं नाही. आणि नेहमीचे उपचार दोन्ही गटांत चालूच होते. अशा पायाची संवेदना गेलेली असते, जखम हाडापर्यंत पोचली तरी दुखेलच असं नाही. मेलेली कातडी काढणं, पायावरचा भार कमी करणं, साखर ताब्यात ठेवणं, यातलं कुठलं काम प्लाझ्मा करणार आहे? ड्रेसिंग चुकवून पाय गमवायची वेळ आली तर मेसेज पाठवणारे येणार आहेत का?

99.9% हा आकडा प्रयोगशाळेत मिळू शकतो, काचेवर किंवा स्टीलच्या पट्टीवर वाढवलेल्या थरावर. प्लाझ्मातले ऑक्सिजन-नायट्रोजनचे क्रियाशील कण बायोफिल्मच्या चिकट थरात वरवरच खर्ची पडतात, खोलवर पोचणं अवघड. जखमेत तर पू, रक्त, खाचाखोचा. शिवाय 10 कोटी जंतूंतले 99.9% मेले तरी 1 लाख उरतात, आणि ते पुन्हा वाढतात.

आयोनायझरचं तर बोलूच नका. दवाखान्यातला प्लाझ्माचा झोत जखमेपासून काही मिलिमीटरवर धरतात. आयोनायझर हे हवा शुद्ध करायचं म्हणून विकलं जाणारं यंत्र, ते खोलीतल्या हवेत आयन म्हणजे विद्युतभारित कण सोडतं. दोन्हींचा काय संबंध?

‘केमिकल नाही’ हेही खोटं. हवेत प्लाझ्मा तयार झाला की ओझोन बनतो, आणि ओझोन फुफ्फुसांना त्रास देतो. काही आयोनायझरही तो सोडतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) अशा उपकरणांमुळे बंद खोलीत साचणाऱ्या ओझोनला दहा लाख भागांत 0.05 भाग अशी मर्यादा घातली आहे ती उगाच नाही. काकांना दमा आहे, आणि ते यंत्र त्यांच्याच खोलीत लावायचं घाटत होतं. ऑर्डर रद्द करायला लावली आहे. मावशीला उद्या ड्रेसिंगला मी घेऊन जातोय.