पेटीतले टाळ

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शाळेत धर्म शिकवावा की नाही यावरून अधूनमधून जुंपते. २०२४च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. त्यात मनाचे श्लोक आणि गीता पाठ करण्याचा विषय होता, शिवाय मनुस्मृतीतला एक श्लोक. तेव्हा तर आठवडाभर फोन थंड झाला नाही. मसुद्याचा गाजावाजा ओसरला, आमचा वाद अजून टवटवीत आहे. दादाचं म्हणणं, लहानपणी पाठ झालं की जन्माला पुरतं. कायदा शिकणारी त्याची स्वतःची मुलगी त्याच्या तोंडावर कलम २८ फेकते : पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही, विषय संपला. परवा मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, पाठ करून घ्या नाहीतर घेऊ नका, पण पोराने अर्थ विचारला तर बाईंनी कुठल्या कपाटातलं कुठलं पुस्तक काढायचं?

दादाचं उत्तर आलं, "तू तिकडे पौंड मोज."

मोजत बसावेत इतके पौंड मला मिळत नाहीत, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरपासून वीस मिनिटांवरच्या एका प्राथमिक शाळेत मी टीए, म्हणजे वर्गशिक्षिकेची मदतनीस, आहे. आठवड्यातल्या दोन सकाळी तिथलं ग्रंथालयही माझ्याकडे असतं. म्हणजे मी ज्या कपाटाबद्दल विचारत होते, तसल्या कपाटाची किल्ली रोज माझ्या गळ्यातल्या पट्ट्याला लटकते. निदान यावर बोलायचा हक्क मला असावा.

इथे आर.ई., म्हणजे रिलिजस एज्युकेशन, १९४४च्या कायद्यापासून सक्तीची आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रमात नाही, तरी शिकवावी लागते, आणि काउन्सिलच्या शाळांत काय शिकवायचं ते ज्या त्या काउन्सिलच्या हद्दीत ठरतं. त्यासाठी एक सल्लागार मंडळ असतं. त्यात चार गट : चर्च ऑफ इंग्लंड, बाकीचे ख्रिस्ती पंथ आणि इतर धर्म मिळून एक, शिक्षक, आणि काउन्सिलची माणसं. अभ्यासक्रम दर पाच वर्षांनी पुन्हा तपासायचा. देशाची परंपरा मुख्यतः ख्रिस्ती आहे हे धरून चालायचं, पण इतर प्रमुख धर्मांची शिकवण आणि आचारही लक्षात घ्यायचा, असं १९८८च्या कायद्यात लिहूनच ठेवलंय. ज्या आईबापांना नको असेल त्यांनी मुलाला तासातून काढून घ्यावं. मी एकदा या मंडळाची बैठक बघायला गेले होते. दोन तासांत कुणी आवाज चढवला नाही. चहा भिकार होता.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, चहा वगळून. श्रद्धा शिकवणं वेगळं आणि श्रद्धेविषयी शिकवणं वेगळं, हेही लिहिलं. आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात हा फरक मान्य केलाय, याची भाचीला आठवण करून दिली. ती म्हणाली, "आत्या, निकालाने पुस्तकं छापली जात नाहीत." पोरगी हुशार आहे. बापावर गेलेली नाही.

पण पुस्तकांआधी पेटीबद्दल सांगते. शाळांना पुस्तकं पुरवणारी जी सेवा आहे, तिच्याकडून धर्मांच्या पेट्याही मिळतात. हाफ टर्मपुरती, म्हणजे अर्ध्या सत्रापुरती, एक. निळं प्लॅस्टिकचं क्रेट, आत बबलरॅपमध्ये गुंडाळलेल्या वस्तू, प्रत्येकीला नंबर आणि वर लॅमिनेट केलेली यादी. परत करताना मोजून द्यायचं. हिंदू पेटीत पितळी गणपती, स्टीलचं ताट, घंटा, निरांजन, कुंकवाची डबी, उदबत्तीचं घर आणि एक पळी. पळीसोबत पंचपात्री नाही. यादीत तिचं नाव 'चमचा'. एक लाल नायलॉनची साडीही होती. तसली साडी आमच्या घरात कामवाल्या मावशींनीसुद्धा परत केली असती. (हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं. राहू दे, मी अशी आहे.)

वर्गशिक्षिका पंचविशीतली, गुणी मुलगी. ती चर्चला जात नाही. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले, म्हणजे निम्म्याहून कमी. त्यामुळे ती ख्रिस्ती पेटीसुद्धा यादी वाचत वाचतच उघडते. मला हे फार आवडतं. जे आपल्याला माहीत नाही ते यादीत बघायचं, यादीत नसेल तर विचारायचं. तिने मला विचारलं, तुम्ही येऊन ताटाबद्दल सांगाल का? आले. घंटा वर्गभर फिरली. देवाला उठवायला वाजवतात, असं वर्कशीटवर छापलेलं होतं. इयर थ्रीमधल्या, म्हणजे सात-आठ वर्षांच्या, एका मुलाने हात वर केला : मग देव रात्री कामावर असतो का?

वर्ग हसला. मीही हसले, आणि गप्प झाले. म्हटलं, विचारून सांगते.

संध्याकाळी दादाला फोन केला. तो म्हणाला, वाजवतात म्हणून वाजवतात. रात्री भांडी घासताना तोंडातून आपोआप निघालं : आगमार्थं तु देवानां गमनार्थं तु रक्षसाम्. देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं म्हणून. बाबा रोज पूजेला बसले की घंटा उचलायच्या आधी म्हणायचे. मला सातव्या वर्षापासून पाठ. उत्तर सगळंच्या सगळं त्यात होतं, सोप्या संस्कृतात, आणि चाळीस वर्षांत मी ते एकदाही ऐकलं नव्हतं. नुसतं म्हटलं होतं. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, बघ, पाठ होतं म्हणूनच आठवलं ना! म्हणजे एकाच श्लोकावर आम्ही दोघंही जिंकलो.

छांदोग्य उपनिषदातली मिठाच्या पाण्याची गोष्टही मी पहिल्यांदा ऐकली ती इंग्लंडात. श्वेतकेतूला बाप सांगतो, पाण्यात मीठ टाक, उद्या काढून दाखव. इथल्या प्राथमिक शाळांत ती गोष्ट करून दाखवतात. मुलांनी एकेक चमचा चाखला, तोंडं वाकडी केली. मीठ टेस्कोचं. सांगलीत माझ्या शाळेत दर श्रावणी शुक्रवारी फुटाणे मिळायचे, श्वेतकेतू कधी भेटला नाही.

इथवर मी वादात पुढे होते. मग बौद्ध पेटी आली.

तीत तिबेटी प्रार्थनाचक्र, वाजवायचा धातूचा वाडगा, जपमाळ आणि डोळे मिटलेला छोटा बुद्ध. गोष्ट राजपुत्राने महाल सोडल्याची. वर्गात नागपूरची एक मुलगी आहे. तिची आई मला गेटवर भेटते, आम्ही मराठीत गप्पा मारतो, पुरणपोळीसाठी डाळ कुठे चांगली मिळते वगैरे. त्या दिवशी ती हसत म्हणाली, "ताई, यातली एक वस्तू आमच्या घरात नाही. आणि आमच्या घरात जो फोटो आहे तो पेटीत नाही." १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो माणसांनी धम्म स्वीकारला, तिचे आजोबा त्यांत होते. मी तावातावाने वर्गशिक्षिकेकडे गेले. ती म्हणाली, लिहून द्या, पुढच्या फेरतपासणीला मंडळाकडे पाठवू. मी दीड पान लिहिलं.

ते दीड पान लिहिताना मला सांगलीचा माझा वर्ग आठवत होता. माझ्या बाकावर पाच वर्षं एक मुलगी बसायची. तिच्या घरी काय मानतात, दसऱ्याला त्यांच्याकडे काय असतं, मी कधी विचारलं नाही, बाईंनी कधी सांगितलं नाही. तिचा डबा मात्र मी कधी खाल्ला नाही. असं का, तेही मला कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या शाळेत धर्म शिकवत नसत, असं मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं होतं.

ग्रुपवर लिहिली नाही अशी आणखी एक गोष्ट आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं असं स्वच्छ लिहिलेलं आहे : वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं, गोष्टींचीही. तिकडे अर्धवेळ ग्रंथपाल पूर्णवेळ होण्यासाठी वर्षानुवर्षं निवेदनं देतात, आणि माझ्या शाळेचं ग्रंथालय तर शिक्षकांच्या खोलीतलं एक गोदरेजचं कपाट होतं, किल्ली क्लार्ककडे आणि क्लार्क रजेवर. पण कायदा आहे. इंग्लंडमध्ये शाळेला ग्रंथालय असलंच पाहिजे असा कायदाच नाही. तुरुंगाला आहे. आमच्या ग्रंथालयाची अर्धी खोली फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांचे उच्चार शिकवून वाचायला लावायच्या, गटांनी घेतली आणि समर फेअरला पुस्तकं पन्नास पेन्सला एक अशी गेली. किमतीचे स्टिकर मीच चिकटवले. हे दादाला कळलं तर तो वर्षभर पुरवून वापरील.

त्या सेवेच्या बाईंनी मध्यंतरी विचारलं होतं, हिंदू पेटीत भर घालण्यासारखं काही सुचतंय का? पळीला पंचपात्री हवी, हे मी सांगितलं. मग म्हटलं, आमच्याकडे विठोबा नावाचा एक देव आहे, त्याच्याकडे लोक चालत जातात. त्यांना ते आवडलं. त्यांनी विचारलं, त्याची काही वस्तू आहे का?

बाबा गेले तेव्हा मी परत येताना हातातल्या बॅगेत त्यांचे टाळ आणले होते. दादाने नेऊ दिले, भांडला नाही. विमानतळावर सिक्युरिटीवाल्याने ते एकमेकांवर आपटून बघितले होते. इथे ते नऊ वर्षं बेडरूमच्या खणात मोज्यांखाली पडून होते. मी वाजवत नाही, मुलाला वाजवता येत नाहीत. दिले. यादीत आता चौदाव्या नंबरला आहेत : 'सिम्बल्स, स्मॉल, पितळ, दोरी जुनी'. टाळ आणि झांज यांत फरक असतो, हे मी ईमेलने कळवलंय.

गेल्या रविवारी दादाचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. आषाढीला भजनी मंडळात या वर्षी तो उभा राहणार आहे. बाबांचे टाळ कुणाबरोबर पाठवता येतील का?

"बघते," असं लिहिलं. मग बुकिंगचं पान उघडून आमच्या शाळेच्या नावाने हिंदू पेटी मागितली. पहिली मोकळी तारीख सप्टेंबरातली आहे.