‘पळवाट’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, भिंतीला आलेल्या फुग्यावर आधी रक्ताला दुसरी वाट आणि मग आतून नळी, अशा दोन टप्प्यांत होणाऱ्या उपचारावर मी लेख लिहिला. त्याखाली तुम्ही, नाव न देता, लिहिलंत : ‘मोठी शस्त्रक्रिया करायला कचरणाऱ्या सर्जननी काढलेली ही पळवाट आहे आणि तुम्ही तिची जाहिरात करताय.’

तुमचं एक बरोबर आहे. अर्जेंटिनाचे सर्जन हुआन पारोदी यांनी पोटातल्या महाधमनीत पहिल्यांदा स्टेंट-ग्राफ्ट (धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी) बसवला तो 1990 मध्ये. 1991 हे त्यावरचा लेख छापून आल्याचं साल. चूक माझी, दुरुस्त केली.

आता ‘पळवाट’. लेख शेवटपर्यंत वाचायचे कष्ट घेतले असतेत, तर हा शब्द सुचला नसता. जांघेतून सरकवलेली नळी फुग्याच्या वर आणि खाली निरोगी भिंतीला घट्ट बसली तरच उपयोगाची. फुगा वर चढून यकृत, आतडी आणि मूत्रपिंडं यांच्या धमन्या जिथून निघतात ती जागा गिळून बसला असेल, तर साधी नळी त्या धमन्यांची तोंडंच बुजवणार. म्हणून सर्जन आधी पोट उघडतो. हो, उघडतोच! ओटीपोटातल्या धमन्यांपासून कृत्रिम नळ्या वर नेऊन त्या अवयवांना दुसऱ्या वाटेने रक्त देतो, जुनी तोंडं बांधतो आणि मग आतून स्टेंट-ग्राफ्ट बसतो. टळतं ते छाती उघडणं आणि महाधमनीला वरच्या बाजूला क्लॅम्प (रक्त थांबवणारा चिमटा) लावणं. एकेक धमनी टाके घालून जोडणाऱ्याला कचरणारा म्हणायचं? धन्य आहे.

माझ्या वडिलांची फुप्फुसं सिगारेटने खलास झाली होती. छाती उघडली तर टेबलावरून उठणार नाहीत, असं सर्जननी तोंडावर सांगितलं. आधी बायपास, म्हणजे वर सांगितलेली रक्ताची दुसरी वाट, मग दहा दिवसांनी स्टेंट-ग्राफ्ट. त्यानंतर ते सात वर्षं जगले. ही पळवाट असेल तर असू दे.

अवयवांच्या धमन्यांसाठी फांद्या असलेले तयार स्टेंट-ग्राफ्ट, पायांतली ताकद जाण्याचा धोका, आयुष्यभराचे सीटी स्कॅन यांबद्दल मी लिहिलं नाही, ही तुमची पुढची तक्रार. हे सगळं खरं, पण लेखाचा विषय तो नव्हता. दोन टप्प्यांच्या मधल्या दिवसांत फुगा फुटू शकतो, हेही म्हणे मी ‘लपवलं’. अहो, त्या दहा रात्री मी खाटेशेजारी जागून काढल्यात. ती भीती तुम्ही मला शिकवू नका.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी द्या. नाहीतर उडवली जाईल.