‘डिझाइन टाका, बटण दाबा’: लेझर मशीनबद्दलच्या मेसेजचा प्रतिवाद

ठाणे-नवी मुंबईच्या घरगुती व्यवसायांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: “कॉम्प्युटर लेझर मशीन लाकूड, स्टील, प्लास्टिक, काहीही कोरतं. जास्त वॅटचं घ्या, काम सरस. डिझाइन टाका, बटण दाबा. देखभाल शून्य.” यावर विसंबून कुणी गाळा भाड्याने घेण्याआधी हे वाचावं.

“काहीही कोरतं.” नाही. नेमप्लेटच्या दुकानांत असतं ते बहुतेकदा काचेच्या ट्यूबचं सीओटू मशीन, म्हणजे ट्यूबमधल्या कार्बन डायऑक्साइड वायूतून लेझर किरण काढणारं. त्याचा 10.6 मायक्रॉनचा किरण लाकूड, अ‍ॅक्रिलिक, चामडं, काच शोषून घेतात. उघड्या स्टील-पितळेवरून तो बहुतांशी परावर्तित होतो. धातूला फायबर लेझर लागतो, म्हणजे दुसरं मशीन. आणि पीव्हीसी तर आत घालूच नका. साइनबोर्डवाले ज्याला सनबोर्ड म्हणतात तो बऱ्याचदा फोम पीव्हीसीच असतो, रेक्झीनही. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक, शिवाय दमट हवेत त्याचं आम्ल होऊन रेल आणि बेअरिंग गंजतात. शंका आली तर मोकळ्या हवेत तांब्याची तार लाल तापवून तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. तो तुकडा मशीनवर नको.

“जास्त वॅट, सरस काम.” जाड शीट कापायला हो, बारीक कोरायला उलट. मोठ्या ट्यूबचा किरण जाड असतो आणि कमी पॉवरवर ती एकसारखी पेटत नाही.

“बटण दाबा.” खरी फसगत इथे आहे. कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारं सर्किट, हेड (लेन्स असलेला फिरता भाग) कुठे न्यायचं आणि किरण कधी, किती सोडायचा एवढंच सांभाळतो. टेबलावर काय ठेवलंय हे त्याला कळत नाही. कापताना कोपऱ्यावर हेड मंदावतं, तिथे पॉवर उतरली नाही तर कोपरा जळतो. म्हणून किमान आणि कमाल अशा दोन पॉवर द्याव्या लागतात. कोरताना हेड ओळीओळीने फिरतं: ओळींत 0.1 मिमी अंतर म्हणजे 254 डीपीआय, इंचाला 254 ओळी. 2 इंची लेन्सचा फोकस दोन-तीन मिमी चुकला तरी अक्षर पसरट येतं. देवनागरीत आणखी एक अडचण आहे. ‘ठाणे’ टाइप केलं की अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढतात. आउटलाइन वेल्ड केल्या नाहीत, म्हणजे डिझाइनमध्ये जोडून एकच केल्या नाहीत, तर चढलेला भाग न कोरलेला राहतो, आणि कापायचं असेल तर शिरोरेषा मधेच तुटते. नव्या मालावर आधी त्याच शीटच्या कतरणीवर स्पीड आणि पॉवर बदलत चौकोनांची जाळी मारा, मग सेटिंग ठरवा.

“देखभाल शून्य.” हे तर धोकादायक आहे. जुलैत इथला दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं तो, 25 अंशांच्या आसपास असतो. ट्यूबला थंड पाणी पुरवणारा चिलर 18 अंशांवर ठेवला की ट्यूबला घाम फुटतो आणि हजारो व्होल्टच्या टोकाशी ठिणगी उडते. पावसाळ्यात चिलर 25 च्या जवळ ठेवा, नाहीतर एसी लावून खोली कोरडी ठेवा. लेन्स आणि किरण हेडपर्यंत नेणारे तिन्ही आरसे नियमित पुसा. धुराचा थर बसला की लेन्स तापून तडकते. एका कोपऱ्यात नीट आणि दुसऱ्या कोपऱ्यात फिकं कोरलं जात असेल तर आरशांची लाइन गेली आहे. हेडच्या तोंडावर टेप लावून चारही कोपऱ्यांत क्षणभर किरण सोडा; डाग एकाच जागी पडला पाहिजे. मशीन चालू असताना जागेवरून हलू नका, अ‍ॅक्रिलिक पेट घेतं.