पासवर्ड बरोबरच होता!

नव्या टीमचा प्रोजेक्ट माझ्या लॅपटॉपवर चालवायला घेतला, आणि अ‍ॅप सुरू केलं की स्क्रीनवर एकच ओळ: "डेटाबेस कनेक्शन अयशस्वी." बस, एवढंच. खाली फ्रेमवर्कच्या पोटातल्या फायलींची भलीमोठी यादी, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात कामाची एक गोष्ट नाही. कुठे जोडायला गेलास? कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पोर्टवर, म्हणजे त्या मशीनच्या कितव्या दारावर? समोरून काय उत्तर आलं? की उत्तरच आलं नाही? त्या क्षणी ड्रायव्हरला, म्हणजे डेटाबेसशी बोलणाऱ्या कोडला, हे सगळं माहीत असतं. सॉकेट, म्हणजे जोडणीचं आपल्याकडचं टोक, त्यानेच उघडलेला असतो. पण आमच्या प्रोजेक्टमध्ये कुणीतरी कधीकाळी मूळ एरर पकडून फेकून दिली आणि तिच्या जागी हे गोड वाक्य ठेवलं. डॉक्टरने तपासून केसपेपरवर नुसतं 'बरं नाही' लिहावं, तसलं हे काम.

कनेक्शन न होण्याची कारणं एका जातीची नसतात हो! 'रिफ्यूज्ड' आलं म्हणजे मशीनपर्यंत पोचलो, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाहीये. 'टाइमआउट' आलं म्हणजे पाकिटं वाटेत कुठेतरी गिळली जातायत, फायरवॉल बघा, व्हीपीएन बघा. होस्टचं नाव सापडलं नाही तर भानगड डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची. आणि पासवर्ड नाकारला म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, बोलतोय, फक्त आत घेत नाही. चार वेगळ्या दिशा आहेत या, आणि आम्ही चारही एका पोत्यात भरून वर एकच चिठ्ठी लावली. मूळ एरर झाकणारा तो रॅपर मी उपटून काढला तेव्हा कुठे खरी ओळ दिसली: पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड.

आता टीमला विचारावं म्हटलं तर ठरलेलं उत्तर. "अगं, माझ्याकडे तर चालतंय."

या वाक्याचा मला मनापासून राग आहे. बोलणाऱ्याला वाटतं आपण काहीतरी सांगितलं. प्रत्यक्षात त्याने हात झटकले. सगळ्यांकडे चालतं आणि एकीकडेच चालत नाही, ही तपासासाठी केवढी मोठी माहिती आहे! कोड तोच. डेटाबेस डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या एका बंद डब्यात चालतो; तो डबा कसा उभारायचा ते सांगणारी कंपोज फाइल तीच, डब्याचा साचा, म्हणजे इमेज, तीच. म्हणजे फरक मशीनमध्ये आहे. चल, तुझा लॅपटॉप आण, शेजारी ठेवू, दोन्हीकडे तीच कमांड मारू, कुठे वेगळं दिसतं ते बघू. असं म्हणणारा एक माणूस निघत नाही. 'फक्त तुझ्याकडेच येतंय' याचा अर्थ सगळ्यांच्या डोक्यात एकच: तूच काहीतरी करून ठेवलं असशील. मशीनवरचा दोष बघता बघता माणसावर येतो, आणि मग टीमच्या स्टँडअप मीटिंगमध्ये रोज तोच प्रश्न, त्याच सुरात: "अजून सेटअपच चाललाय का?"

त्यानंतर सल्ले सुरू होतात. रिस्टार्ट मार. डॉकर रिसेट कर. पॅकेजेस उडवून पुन्हा टाक. व्हॉल्यूम (डेटाबेसचा डेटा साठतो तो कप्पा) डिलीट कर. एकानेही विचारलं नाही की नेमकी एरर काय येतेय, लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, काय आहे. माझा या सल्ल्यांवर खरा आक्षेप हा आहे की ते पुरावा नष्ट करतात. जे काही चुकलेलं असतं ते पुसून टाकायचं, मग नशिबाने चाललं तर का चाललं ते कळत नाही, आणि पुढच्याच्या मशीनवर तेच पुन्हा. नाही चाललं तर आपण होतो तिथेच, वर हाताशी असलेला डेटाही गेला. माझा गेला. मी मेहनतीने तयार केलेल्या टेस्टच्या नोंदी त्या व्हॉल्यूममध्ये होत्या. सीनियरने जवळजवळ हुकूमच सोडला, "उडव ते, पासवर्ड जुना अडकला असेल." उडवलं. एरर तशीच्या तशी.

त्या संशयात तथ्य नव्हतं असं मी म्हणत नाही. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. त्याच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये पासवर्डचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे बाहेरून दिलेली सेटिंग, फक्त पहिल्यांदा, डेटाची डिरेक्टरी रिकामी असतानाच वाचला जातो. नंतर कंपोज फाइलमध्ये पासवर्ड हवा तितक्या वेळा बदला, व्हॉल्यूम जुना असेल तर जुनाच पासवर्ड चालू राहतो आणि कंटेनर पासवर्डबद्दल चकार शब्द काढत नाही. कित्येक जण यात अडकतात. पण हे तपासता येतं की! काहीही न उडवता तपासता येतं. त्याच डॉकर नेटवर्कवर दुसरा कंटेनर उभा करायचा आणि तिथून पासवर्ड देऊन जोडून बघायचं.

इथेही लोक घोळ घालतात. "कंटेनरच्या आत शिरून बघ, जोडलं जातं ना?" हो, जोडलं जातं. आतून काहीही जोडलं जातं! त्या इमेजमध्ये आतल्या आत येणाऱ्या कनेक्शनला 'ट्रस्ट' लावलेला असतो, पासवर्ड विचारलाच जात नाही. तिथे चाललं यावरून पासवर्डबद्दल काहीही सिद्ध होत नाही. तरी मला हे पुरावा म्हणून ऐकवलं गेलं, की बघ, डेटाबेस तर ठणठणीत आहे, तुझ्या कोडमध्ये बघ. मी दुसऱ्या कंटेनरमधून नेटवर्कवरून जोडून बघितलं. पासवर्ड स्वीकारला. म्हणजे पासवर्ड बरोबर, सर्व्हर बरोबर. आणि माझं अ‍ॅप्लिकेशन तोच पासवर्ड देऊन नकार खातंय.

मग मी कंटेनरचा लॉग उघडून शेजारी ठेवला आणि अ‍ॅप पुन्हा चालवलं. अ‍ॅपमध्ये लाल ओळ. लॉगमध्ये शांतता. पोस्टग्रेस चुकीच्या पासवर्डची नोंद स्वतःच्या लॉगमध्ये करतो, साधी 'फेटल' ओळ येते. इथे एक अक्षर नाही. माझी विनंती या सर्व्हरपर्यंत आलीच नव्हती! मग मला नाही म्हणतोय कोण?

पोस्टग्रेसच्या नेहमीच्या पोर्टवर, ५४३२ वर, कोण ऐकतंय हे विचारणारी एक कमांड आहे, एलएसओएफ. दोन ओळी आल्या. एक डॉकरची. दुसरी नुसत्या पोस्टग्रेसची, थेट मशीनवर बसवलेल्या. मी तो कधीच टाकलेला नव्हता. लॅपटॉप मला मिळाला तेव्हा आतमध्ये आधीपासून होता, लॉगिन झाल्याबरोबर आपोआप सुरू होणारी सर्व्हिस म्हणून. कोणाच्या तरी जुन्या कामासाठी टाकलेला, तसाच राहिलेला, आणि मशीन हातात देताना कोणी सांगितलेलं नाही.

आणि दोघं एका पोर्टवर बसले कसे? लिनक्सवर असं झालं असतं तर दुसऱ्याला 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणून तिथल्या तिथे बाहेर काढलं असतं आणि पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण माझा लॅपटॉप मॅक, आणि मॅकवर एकाने नेमका १२७.०.०.१ हा पत्ता (लोकलहोस्ट, म्हणजे मशीन स्वतःच) धरला आणि दुसऱ्याने सगळे पत्ते धरले तर दोघंही गुण्यागोविंदाने नांदतात. कोणी कुरकुर करत नाही. डॉकर सांगतो पोर्ट जोडला, सगळं हिरवं. आणि लोकलहोस्टकडे जाणारं प्रत्येक कनेक्शन नेमका पत्ता धरून बसलेल्याकडे जातं. म्हणजे माझा पासवर्ड रोज निमूटपणे त्या अनोळखी सर्व्हरला दिला जात होता, आणि तो रोज नाकारत होता. तिथे त्या नावाचा यूजरसुद्धा नव्हता!

यूजरच नसताना मेसेज पासवर्डचा का, यामागचं कारण मला मान्य आहे. कोणत्या नावाचे यूजर आहेत हे बाहेरच्याला कळू नये म्हणून पोस्टग्रेस मुद्दाम तेच उत्तर देतो आणि खरी हकीकत सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहितो. सुरक्षेसाठी ठीकच आहे. पण कोणत्या पत्त्यावरच्या सर्व्हरने नकार दिला, हे माझ्याच मशीनवर मला सांगायला कोणती सुरक्षा आड येते? पोस्टग्रेसच्या स्वतःच्या क्लायंट लायब्ररीने २०२१ मध्ये, १४ व्या व्हर्जनपासून, एररच्या सुरुवातीलाच होस्ट, प्रत्यक्ष आयपी आणि पोर्ट छापायला सुरुवात केली. करता येतं. केलेलं आहे. मग बाकीचे ड्रायव्हर आणि त्यांच्यावर चढवलेले हे थरावर थर गप्प का? आणि आमच्यासारख्या टीम त्यातलं उरलंसुरलंही का गिळून टाकतात?

बरं, लोकलहोस्ट म्हणजे सगळीकडे एकच, असंही नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा क्लायंट मॅक आणि लिनक्सवर 'लोकलहोस्ट' दिसलं की नेटवर्क सोडून थेट सॉकेट फाइल (मशीनच्या आतल्या आत जोडणारी फाइल) शोधतो, आणि १२७.०.०.१ लिहिलं की नेटवर्कच्या वाटेने, टीसीपीने, पोर्ट ३३०६ वर जातो. सॉकेट फाइल वेगळ्या जागी असली की बसा बोंबलत. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडने २०२१ मध्ये १७ व्या व्हर्जनला होस्टच्या नावाला मिळणाऱ्या पत्त्यांचा क्रम बदलला. आधी आयपीव्ही४ चा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, पत्ता नव्या आयपीव्ही६ च्या वर आणला जायचा, नंतर सिस्टिम देईल त्या क्रमाने. त्यामुळे आयपीव्ही४ वरच ऐकणारे सर्व्हर कित्येकांना अचानक 'रिफ्यूज्ड' म्हणू लागले, ते पण ज्याने नोड अपडेट केला त्यालाच. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. या प्रत्येक प्रकारात एका मशीनवर अडतं आणि बाकीच्यांवर चालतं, आणि प्रत्येक वेळी बिचारा एकटा माणूस स्वतःला सिद्ध करत बसतो.

एन्व्ह फाइलची, म्हणजे सेटिंग्ज ठेवायच्या फाइलची, तर वेगळीच तऱ्हा. सेटअपच्या कागदात लिहिलेलं असतं, "एन्व्ह फाइल कॉपी करा, झालं." झालं कसं? ती फाइल वाचणाऱ्या डॉटएन्व्हचा ठरलेला नियम असा की शेलमध्ये, म्हणजे कमांड मारतो तिथे, त्या नावाचा व्हेरिएबल आधीच असेल तर फाइलमधली किंमत लावायची नाही. कोणाच्या शेलच्या प्रोफाइलमध्ये जुन्या प्रोजेक्टचा डेटाबेसचा पत्ता एक्स्पोर्ट केलेला असला की फाइलमध्ये डोळे फुटेस्तोवर बघा, सगळं बरोबरच दिसणार, आणि अ‍ॅप भलतीकडेच जाणार. पासवर्डमध्ये '@' किंवा '#' असेल आणि तो यूआरएलमध्ये तसाच चिकटवला असेल तर पत्ताच मधून तुटू शकतो. हे सगळं त्या सेटअपच्या कागदात एका परिच्छेदात मावलं असतं. पण तो लिहिणाऱ्याच्या मशीनवर चाललं, तिथे त्याचं काम संपलं.

चिडायला कारण आहे मला. ज्या दिवसांत मी काम शिकायला हवं होतं, ते दिवस मी कोणाच्या तरी मागे राहिलेल्या सर्व्हिसशी झगडण्यात घालवले, वर डेटा गमावला, वर ढिली म्हणून नाव झालं. आणि शेवटी कारण सांगितल्यावर प्रतिक्रिया काय? "अच्छा, पोर्टचा इश्यू होता होय." होय, पोर्टचा इश्यू. तुमच्यापैकी कोणीही पहिल्या दिवशी माझ्या शेजारी येऊन ती एक कमांड मारली असती तर सापडला असता.

आता मी कंपोज फाइलमध्ये बाहेरचा पोर्ट ५४३३ केलाय, एन्व्हमधून बदलता येईल असा. अ‍ॅप सुरू होताना कुठल्या होस्टला, कुठल्या पोर्टवर, कोणत्या यूजरने जातोय आणि ही किंमत फाइलमधून आली की शेलमधून, हे पासवर्ड सोडून सगळं छापायला लावलंय. रॅपर मूळ एरर गिळत नाही, सोबत दाखवतो. हे रिव्ह्यूला टाकल्यावरही विचारणा झालीच, की एका मशीनसाठी एवढा बदल कशाला. मी मागे घेणार नाहीये.

आणि ती सर्व्हिस नव्या लॅपटॉपवर जाऊ नये म्हणून आयटीकडे तिकीट टाकलं. उत्तर आलं, इतर कोणाची तक्रार नाही, तिकीट बंद करत आहोत. मी ते पुन्हा उघडलंय, पोर्ट ५४३२ च्या त्या दोन्ही ओळी जोडून, आणि खाली लिहिलंय की बंद करण्याआधी कोणीतरी स्वतः एका नव्या मशीनवर ही कमांड मारून उत्तर इथे चिकटवा.