माझदा, अणुबॉम्ब आणि हिजियामाची टेकडी

माझी भाची नववीत आहे. तिच्या शाळेतील वक्तृत्व स्पर्धेला ‘राखेतून उभारी’ असा विषय होता आणि तिने माझदा या जपानी मोटार कंपनीची कथा निवडली. भाषण मला म्हणून दाखवताना तिचा आवाज खणखणीत होता, पाठांतर चोख होते आणि त्यातले मुख्य मुद्दे एकामागून एक चुकीचे होते. ही माहिती कुठून घेतली, असे विचारल्यावर तिने आमच्याच नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला संदेश दाखवला. तोच संदेश मला त्याआधी दोन ठिकाणांहून आला होता आणि मी तो वाचून सोडून दिला होता. एका मुलीने तो खरा मानून व्यासपीठावरून सांगितल्यानंतर मात्र गप्प बसणे मला शक्य नाही.

संदेशाचा सारांश असा: माझदा कंपनी एका पारशी गृहस्थाने स्थापन केली आणि तिला आपल्या देवाचे नाव दिले, अणुबॉम्बने तिचा कारखाना भस्मसात केला, तरी कामगारांनी तो चार महिन्यांत पुन्हा उभारला, कारण ‘इच्छाशक्तीपुढे किरणोत्सर्गही हरला’, रोटरी इंजिनाचा (म्हणजे वरखाली होणाऱ्या दट्ट्याऐवजी त्रिकोणी भाग फिरणाऱ्या इंजिनाचा) शोध माझदाने लावला, पण तेल कंपन्यांनी ते दडपले, 1991 मध्ये फ्रान्समधली ल मॉंची मोटार शर्यत जिंकल्याबरोबर त्या इंजिनावर बंदी आली, आणि आज ही कंपनी अमेरिकेच्या फोर्डच्या मालकीची आहे.

पहिल्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि ते मला मान्य करावे लागते. ‘माझदा’ हे नाव अहुर मज्द या झरथुष्ट्री, म्हणजे पारशांच्या, धर्मातील परमेश्वराच्या नावावरून घेतले, असे कंपनी स्वतःच आपल्या अधिकृत इतिहासात सांगते. त्या धर्माच्या अवेस्ता या ग्रंथाची भाषा आणि संस्कृत या सख्ख्या बहिणी असल्यामुळे आपल्याला हे नाव परके वाटण्याचेही कारण नाही. अवेस्तातला ‘अहुर’ म्हणजे वेदातला ‘असुर’, आणि ‘मज्दा’ हा शब्द आपल्या ‘मेधा’शी जोडला जातो. पण नाव कोणत्या देवाचे आहे यावरून ते ठेवणाऱ्याचा धर्म ठरत नाही. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने 1909 मध्ये आपल्या विजेच्या दिव्यांना याच देवावरून ‘माझदा’ हे नाव दिले होते आणि त्याच नावाचे दिवे पुढे जपानमध्येही विकले जात होते. म्हणून ती कंपनी कोणी पारशांची म्हणत नाही. मोटार कंपनीची पायाभरणी करणारे जुजिरो मात्सुदा हे हिरोशिमाच्या एका कोळ्याचे पुत्र. कोवळ्या वयात ओसाकाला जाऊन ते लोहारकाम शिकले, पुढे हिरोशिमाला परतले आणि 1920 मध्ये स्थापन झालेल्या ‘तोयो कॉर्क कोग्यो’ या बुचे बनवणाऱ्या कंपनीचे 1921 मध्ये अध्यक्ष झाले. 1931 मध्ये या कंपनीने तीनचाकी मालवाहू गाडी काढली आणि ‘माझदा’ हे नाव प्रथम तिच्यावर आले. जपानी लिपीत कंपनी आजही आपले नाव ‘मात्सुदा’ असेच लिहिते. म्हणजे देवाचे नाव आणि अध्यक्षांचे आडनाव यांचा मेळ जाणीवपूर्वक साधलेला आहे.

पारशी समाजाची प्रतिष्ठा वाढवण्यासाठी कोणी हे रचले असेल, तर त्याने त्या समाजाचा सन्मान केलेला नाही. नागपुरात 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांच्या समाजाला हिरोशिमातल्या एका कोळ्याच्या मुलाचे श्रेय उसने घेण्याची गरज नाही. आपल्याकडे हे नाव ओळखीचे झाले ते ‘स्वराज माझदा’ या छोट्या ट्रकमुळे आणि शाळेच्या बसमुळे, आणि ती गाडी पंजाब ट्रॅक्टर्सने 1980 च्या दशकात जपानी भागीदारांसह पंजाबात काढली होती. मुंबईच्या पारशांचा त्या उद्योगाच्या स्थापनेशीही संबंध नव्हता.

दुसरा मुद्दा मात्र केवळ चुकीचा नाही, तो अपायकारक आहे, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

6 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी 8 वाजून 15 मिनिटांनी हिरोशिमावर बॉम्ब पडला. विमानातून नेम धरला होता तो शहराच्या मध्यावरच्या आयोई पुलावर, आणि स्फोट झाला तो जवळच्या शिमा रुग्णालयाच्या वर. तोयो कोग्योचा, म्हणजे आजच्या माझदाचा, कारखाना तिथे नव्हता. तो शहराच्या पूर्वेला फुचू या गावात, स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरवर होता, आणि मध्ये हिजियामा नावाची जेमतेम सत्तर मीटर उंचीची टेकडी होती. स्फोटाच्या लाटेचा जोर अंतराने आणि त्या टेकडीने कमी केला. छपरे, काचा आणि तावदाने गेली. पण मुख्य इमारती आणि यंत्रे उभी राहिली. जो कारखाना भस्मसात झालाच नाही, तो राखेतून उभा राहणार कसा? कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेल्या इतिहासात हे स्पष्टपणे नोंदलेले आहे, आणि जिने स्वतःची कथा अधिक भव्य करून सांगितली असती तरी तिला कोणी टोकले नसते, ती कंपनीच जर टेकडीने वाचवले असे म्हणत असेल, तर मला दुसऱ्या पुराव्याची गरज वाटत नाही. तो दिवस मात्सुदा यांचा सत्तरावा वाढदिवस होता, हेही इथे सांगितले पाहिजे.

चार महिन्यांचा हिशेब तेवढा बरोबर आहे. डिसेंबर 1945 मध्ये तीनचाकी गाड्यांचे उत्पादन पुन्हा सुरू झाले, आणि उद्ध्वस्त शहरात माल वाहून नेण्यासाठी त्या गाड्यांचा मोठा उपयोग झाला. मात्र संदेशात जे येत नाही ते मला याहून मोलाचे वाटते. शहरातली सरकारी कार्यालये नष्ट झाल्यामुळे हिरोशिमा प्रांताचे प्रशासन त्याच ऑगस्टमध्ये या कारखान्याच्या इमारतीत हलवले गेले आणि 1946 च्या मध्यापर्यंत तिथूनच चालले. युद्धकाळात ज्या आवारात सैन्यासाठी रायफली तयार होत होत्या, त्याच आवारात बॉम्बनंतर जखमींवर उपचार झाले. ही हकीकत खरी आहे, तिच्यात धैर्यही आहे, आणि तिला खोट्याचा टेकू लागत नाही.

आता ‘इच्छाशक्तीपुढे किरणोत्सर्गही हरला’ या वाक्याविषयी. माझ्या भाचीने हे वाक्य हात उंचावून म्हटले आणि त्यावर टाळ्या मिळाल्या, असे तिने मला सांगितले. हिरोशिमा शहराच्या अंदाजानुसार 1945 संपेपर्यंत सुमारे 1,40,000 माणसे मेली. त्यांतली असंख्य माणसे स्फोटात किंवा आगीत नव्हे, तर पुढच्या दिवसांत आणि आठवड्यांत केस गळून, हिरड्यांतून रक्त येऊन, तापाने मेली. त्या सकाळी शहराच्या मध्यभागी हजारो शाळकरी मुले होती, कारण हवाई हल्ल्यांत आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्याच्या कामावर त्यांना जुंपले होते. त्यांतली बहुतेक बारा-तेरा वर्षांची, म्हणजे माझ्या भाचीपेक्षाही लहान होती. त्यांच्या आणि स्फोटाच्या मध्ये कोणतीही टेकडी नव्हती. सादाको सासाकी त्या दिवशी दोन वर्षांची होती आणि तिला एक ओरखडाही उठला नव्हता. दहा वर्षांनी, ऑक्टोबर 1955 मध्ये, ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिची इच्छाशक्ती कमी पडली, असे या संदेशाच्या लेखकाला म्हणायचे आहे काय? किरणोत्सर्ग पेशींवर काम करतो, मनोधैर्य पाहून तो थांबत नाही. जे वाचले ते अंतरामुळे, आडोशामुळे आणि योगायोगाने वाचले, आणि वाचलेल्यांच्या कर्तृत्वाचा हवाला देऊन मेलेल्यांना दुबळे ठरवणे हा त्या शहराचा अपमान आहे. आपला देश स्वतः अण्वस्त्रधारी आहे. अशा देशातल्या मुलांच्या मनात अणुबॉम्ब म्हणजे चार महिन्यांत निस्तरता येणारी आपत्ती अशी कल्पना रुजवणे मला अक्षम्य वाटते, मग ती कितीही चांगल्या हेतूने का रुजवलेली असेना.

रोटरी इंजिनाविषयी थोडक्यात लिहितो. त्याचा शोध माझदाने लावला नाही. ती कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांची. एनएसयू या जर्मन कंपनीत त्याचे पहिले इंजिन 1957 मध्ये चालले आणि त्यावरची पहिली गाडीही त्याच कंपनीने 1964 मध्ये विक्रीस आणली. माझदाने 1961 मध्ये परवाना विकत घेतला. खरे कर्तृत्व त्यानंतरचे आहे. इंजिनाच्या आतल्या पृष्ठभागावर काही तासांच्या चालण्यातच ओरखड्यांच्या रांगा उमटत आणि अभियंते त्यांना ‘सैतानाच्या नखांच्या खुणा’ म्हणत. केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली 47 अभियंत्यांनी हा दोष हटवण्यासाठी अनेक वर्षे घालवली, फिरत्या त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्यांसाठी कार्बन आणि ॲल्युमिनियमचे मिश्रण वापरून पाहिले आणि 1967 मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारात आली. मूळ शोधक एनएसयूला त्याच पट्ट्यांच्या झिजेने जेरीस आणले, आणि ज्यांनी केवळ परवाना घेतला होता त्यांनी ते इंजिन टिकवले. दुसऱ्याच्या अपुऱ्या शोधाला कामाचे करणे ही शोधाइतकीच मोठी गोष्ट आहे. शोधच आमचा, असे सांगून संदेशाने तीच झाकून टाकली.

तेल कंपन्यांनी हे इंजिन दडपल्याची गोष्टही उलटी आहे. या इंजिनातली ज्वलनाची जागा लांबट, चपटी आणि सरकती असते, त्यामुळे इंधन पुरते जळत नाही, आणि पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून इंजिन ऑइलही थोडे थोडे जाळावे लागते. अशा खादाड इंजिनावर तेल विकणाऱ्यांनी राग धरण्याचे कारण काय? 1973 मध्ये तेलाचे भाव भडकल्यावर ग्राहकांनीच पाठ फिरवली आणि कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेली. तिला सुमितोमो बँकेने सावरले. शिवाय दडपलेले इंजिन 2012 पर्यंत आरएक्स-8 मध्ये विकले गेले नसते, आणि 2023 मध्ये एमएक्स-30 च्या एका आवृत्तीत बॅटरी भरण्यासाठी परत आले नसते.

ल मॉंच्या शर्यतीचा विजय खरा आहे. 1991 मध्ये 55 क्रमांकाच्या 787बी गाडीने 362 फेऱ्या मारून ती शर्यत जिंकली. जपानी कंपनीचा तो पहिला विजय होता आणि दुसऱ्यासाठी 2018 साल, म्हणजे टोयोटाचा विजय उजाडावा लागला. बंदी मात्र विजयाची शिक्षा नव्हती. साडेतीन लिटरच्या, दट्ट्यांच्या इंजिनांचा नवा नियम त्या शर्यतीच्या आधीच ठरलेला होता, आणि रोटरीला ही शेवटची संधी आहे हे जाणूनच माझदा उतरली होती. त्या वर्षी माझदाच्या गाडीला 830 किलो वजनाची मुभा होती, तर मुख्य प्रतिस्पर्ध्यांना 1000 किलोची अट होती. तेव्हा नियमांनी तिच्यावर अन्याय केला, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडाही सांगायला हवा.

माझदा फोर्डच्या मालकीची नाही. फोर्डने 1979 मध्ये तिचा सुमारे एक चतुर्थांश हिस्सा घेतला, 1996 मध्ये तो 33.4 टक्क्यांपर्यंत नेला आणि आपला माणूस अध्यक्षपदी बसवला, त्यामुळे हा समज पसरला असावा. 2008 पासून फोर्डने भाग विकायला सुरुवात केली आणि 2015 पर्यंत उरलेलेही विकले. आता टोयोटाकडे सुमारे पाच टक्के आहेत. कंपनीचे मुख्यालय पूर्वीप्रमाणेच फुचूमध्ये, त्याच टेकडीच्या पलीकडे आहे.

माझ्या भाचीची पुढची फेरी दोन आठवड्यांवर आहे. तिने किरणोत्सर्गाचे वाक्य काढून टाकले आहे, त्या जागी कारखान्यात भरलेल्या सरकारी कचेरीची आणि जखमींची हकीकत घातली आहे, आणि हिजियामाचा उच्चार नीट यावा म्हणून ती तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाहते आहे.