कॅमेऱ्यावर बोट ठेवून शुगर कळत नाही!

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

ओळखीतल्या एका काकांना दुपारी दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. त्यांनी मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवलं. ॲप म्हणालं 118. "नॉर्मल आहे," म्हणत काका आडवे झाले. मुलीला राहवलं नाही, तिनं ग्लुकोमीटर काढला. 58!

कॅमेरा आणि फ्लॅश वापरून नाडीचे ठोके मोजता येतात. साखर नाही, नाही आणि नाही. सुई न टोचता स्वतःच शुगर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही, असं औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं फेब्रुवारी 2024 मध्येच बजावलंय. तरी असली ॲप्स बिनदिक्कत मिळतात. माणसाच्या जिवाशी खेळ आहे हा!

शुगर 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि 15 मिनिटांनी परत तपासायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

चांगली ॲप्स आहेत, मान्य. वही रोज कोण लिहितं? ब्लूटूथवाला ग्लुकोमीटर आकडा वेळेसकट आपोआप चढवतो. पण जेवणाआधीचा की नंतरचा, ही खूण बहुतेक वेळा आपल्यालाच लावावी लागते. आणि नुसत्या सरासरीवर जाऊ नका. 58 आणि 242 ची सरासरी 150 येते. काकांचा 58 त्यात कुठे दिसला?

दंडावर सेन्सर लावणाऱ्यांनी नीट वाचा. तो रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून आकडा 5 ते 15 मिनिटं मागे असतो. आकड्याइतकाच शेजारचा बाण बघा, साखर चढतेय की उतरतेय ते तो सांगतो. त्या कुशीवर झोपलात तर दाबामुळे आकडा खोटाच कमी येतो. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर बोट टोचून बघा. सगळ्यात मोठा घोळ फोनचा. बॅटरी सेव्हर सेन्सरच्या ॲपला मागच्या मागे बंद करतो, 'डू नॉट डिस्टर्ब' त्याचा साखरेचा अलार्म गिळतं. दोन्हीकडे त्या ॲपला सूट द्या, आणि फोन अपडेट झाला की पुन्हा तपासा.

काकांवर राग नाही हो. बोट टोचून घ्यायचा कंटाळा कुणाला येत नाही?

मुलीनं ते ॲप काढून टाकलंय. ग्लुकोमीटर उशाशी आणलाय, पट्ट्यांच्या डबीचं झाकण घट्ट लावलंय, कारण दमट हवेनं पट्ट्या बिघडतात. संध्याकाळी हात धुऊन, कोरडे करून मोजली. 126.